लिहून नेलं, त्याचं पुढं काय झालं?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सोलापूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला चादर आठवते, शेंगा चटणी आठवते, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवते. संशोधन काही आठवत नाही. आमच्या विद्यापीठाचा विषय निघाला की पुण्या-मुंबईचा पाहुणा हमखास विचारतो, "तिथं कशावर संशोधन करतात?" विचारण्यात कुचेष्टा नसते. त्याला खरोखरच ठाऊक नसते. खरे सांगायचे तर सोलापूरकरांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसते. मी या शहरात अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यातून निघणारा दुसरा, जरा अवघड प्रश्नही आपल्यापुढे ठेवतो.

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. पहिले कुलगुरू हिंदीचे अभ्यासक डॉ. इरेश स्वामी. २०१९ साली विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. पुणे रस्त्यावर केगावजवळ त्याचा परिसर आहे. त्याआधी आपला जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेला होता आणि सोलापुरात त्याचे पदव्युत्तर केंद्र होते. विद्यापीठ झाले ते केवळ एका जिल्ह्यासाठी. अकरा तालुक्यांचा एक जिल्हा, एवढेच त्याचे कार्यक्षेत्र. तेव्हा अनेकांनी नाक मुरडले होते. एका जिल्ह्याला कशाला हवे विद्यापीठ, असा सूर होता. तो सूर अजूनही अधूनमधून कानी पडतो.

संशोधन ही गोष्ट २००४ नंतर या मातीत आली, असे मात्र समजू नये. तीन उदाहरणे सांगतो.

पहिले जैन संस्कृति संरक्षक संघाचे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारखे पंडित तिचे संपादक होते. 'तिलोयपण्णत्ती' हा विश्वरचनेविषयीचा, गणिताने भरलेला प्राचीन प्राकृत ग्रंथ या मालेत १९४३ पासून प्रसिद्ध झाला. प्राकृताचा अभ्यास करणारा माणूस जगात कुठेही असो, सोलापूरचे नाव त्याला या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भेटते.

दुसरे उदाहरण आपल्या रोजच्या ताटातले. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एक वाण तयार झाला. त्याचे नाव एम ३५-१. रब्बीत पाऊस संपल्यावर काळ्या जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर हे पीक येते. भाकरीला चांगली, कडब्याला चांगली. नंतर कितीतरी वाण आले. तरी शेतकऱ्याने हा वाण सोडला नाही. नव्वद वर्षे टिकलेले संशोधन आणखी कोणते दाखवावे?

तिसरे उदाहरण एकट्या माणसाचे. भीमा आणि सीना यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर एक लेख आहे. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा. मराठीतल्या कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. तो लेख शोधून, वाचून जगापुढे आणला आनंद कुंभार यांनी. ते कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. गावोगाव हिंडून, दगडावरची धूळ झटकून त्यांनी हे काम केले.

म्हणजे दानशूर संस्था, सरकारी केंद्र आणि एकटा व्यासंगी माणूस अशा तीन वाटांनी सोलापुरात संशोधन चालत आले होते. नव्हती ती चौथी वाट. सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या शेतमजुराच्या मुलीला, विणकराच्या मुलाला संशोधन शिकायचे असेल तर जायचे कुठे? मुख्यालय दोनशेहून अधिक किलोमीटरवर. मार्गदर्शकाला भेटायला जायचे म्हणजे प्रवासाचे भाडे, मुक्काम आणि बुडालेली रोजी. जिल्ह्याच्या विद्यापीठाने ही वाट जवळ आणली. आपल्या घराण्यात पहिल्यांदा पदवी घेतलेली मुले आता प्रबंध लिहितात. लहान विद्यापीठाचे हे पहिले देणे, असे मी मानतो.

आता ही मुले नेमके काय करतात ते पाहू.

विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर बरेच काम झाले आहे. पॉलिअ‍ॅनिलिन, पॉलिपायरोल अशी नावे आपण ऐकली नसतील. हे एक प्रकारचे प्लॅस्टिकच, पण वीज वाहून नेणारे. अशा प्लॅस्टिकच्या शोधासाठी २००० साली तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काचेच्या पट्टीवर या पदार्थाचा केसाहून कितीतरी पातळ थर द्यायचा. अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू त्याला लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजला की वायू आहे की नाही आणि किती आहे, हे कळते. नेहमीच्या धातूच्या ऑक्साइडचे संवेदक बहुधा तापवावे लागतात. हे साध्या तापमानाला काम करू शकतात. आता हायड्रोजन सल्फाइड म्हणजे कोणता वायू? गटारात साचणारा. प्रमाण वाढले की आधी माणसाचे नाक बधिर होते, वास येईनासा होतो आणि मग जीव जातो. भुयारी गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूची बातमी आपण दर वर्षी वाचतो. केगावच्या प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या पट्टीचा या बातमीशी असा संबंध आहे. प्रयोगशाळेतली पट्टी आणि बाजारात मिळणारे यंत्र यांत मोठे अंतर असते, हे खरे. पण सुरुवात पट्टीपासूनच होते.

दुसरीकडे वनस्पतिशास्त्र. आपला जिल्हा अवर्षणप्रवण, पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथे माळ आणि बाभळीखेरीज काय असणार, असे वाटते. पण सोलापूरच्या अभ्यासकांनी या जिल्ह्यातली वनस्पती तालुक्यातालुक्यांतून हिंडून नोंदवली. त्यातून नागदवण्याच्या जातकुळीतली, लिलीसारखी फुले येणारी, तोवर विज्ञानाला माहीत नसलेली एक जाती हाती आली. २०१४ मध्ये ती जगापुढे आली आणि तिचे शास्त्रीय नाव पडले क्रायनम सोलापुरेन्स. लॅटिन नावात आपले गाव कायमचे जाऊन बसले. हे काम विद्यापीठाच्या आवारापेक्षा संलग्न महाविद्यालयांतून अधिक झाले, हेही लक्षात घ्या. लहान विद्यापीठाचे संशोधन म्हणजे फक्त त्याच्या इमारतींतले संशोधन नव्हे.

तिसरा मोठा गठ्ठा सामाजिक शास्त्रांचा, वाणिज्याचा आणि भाषांचा. सहकारी साखर कारखाने, यंत्रमाग आणि टॉवेल उद्योग, विडी कामगार स्त्रिया, बचत गट, पंढरीची वारी, भटके-विमुक्त, ग्रामीण साहित्य. विषयांची यादी वाचली तरी जिल्हा डोळ्यांसमोर उभा राहतो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा रस्त्यावर ऐकू येतात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना तारेच्या कुंपणात डांबले, त्यांची सेटलमेंट याच शहरात होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला. १९३० चा मार्शल लॉ याच शहराने सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे दिले. एवढा ऐवज ज्या जिल्ह्यात आहे त्याला विषयांची वाण कशी पडेल?

आता मी म्हटले होते त्या अवघड प्रश्नाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाची एक विद्यार्थिनी विडी कामगार स्त्रियांचा अभ्यास करत होती. शहराच्या पूर्व भागात ती प्रश्नावली घेऊन घरोघर जायची. दोन-तीन घरी मीही सोबत गेलो. एका घरात एक बाई उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. भिजवून कातरलेले पान, चिमूटभर तंबाखू, वळकटी, दोरा. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. घरात माणसे किती, मजुरी किती, डोळ्यांचा त्रास आहे का, पाठ दुखते का. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, मागं पण एक पोरगी असाच कागद घेऊन आली होती. सगळं लिहून नेलं. त्याचं पुढं काय झालं ओ?"

विद्यार्थिनीकडे उत्तर नव्हते. ते तिच्याकडे असण्याचे कारणही नव्हते. मागची पोरगी कोण, हे तिला माहीत नव्हते. पण मला वाटते, आपल्या संशोधनावर झालेल्या साऱ्या चर्चासत्रांत इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही.

पुढे काय होते, ते सांगतो. प्रबंध दोन परीक्षकांकडे जातो. तोंडी परीक्षा होते. पदवी मिळते, पेढे वाटले जातात. प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. आता 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहातही प्रबंध ठेवले जातात, इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. ही सोय मोठी आहे. परंतु ज्या बाईच्या उत्तरांवर त्यातले तक्ते उभे आहेत, तिच्यापर्यंत त्यातले काही पोचत नाही. प्रबंध इंग्रजीत असेल तर प्रश्नच मिटला. मराठीत असला तरी तो परीक्षकासाठी लिहिलेला असतो.

हे एकट्या सोलापूरचे दुखणे नाही. सगळीकडे मोजमाप शोधनिबंधांच्या संख्येने होते. २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध देण्याआधी किमान एक शोधनिबंध छापावा लागे. हेतू चांगला होता. पण पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके त्यावर पोसली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ती सक्ती काढली. तरी प्राध्यापकाची बढती, विभागाचा दर्जा, संस्थेचे मूल्यांकन या सगळ्यांत मोजणी चालूच आहे. अशा हिशेबात भौतिकशास्त्राचा इंग्रजी निबंध कोरियात वाचला जातो आणि त्याला गुण मिळतात. विडी कामगारांच्या वस्तीत जाऊन, जमिनीवर बसून निष्कर्ष समजावून सांगितले, तर त्याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये आहे? मला तरी दिसला नाही.

यावर काहीजण म्हणतात, संशोधक म्हणजे समाजसेवक नव्हे. ज्ञान हेच त्याचे काम. मला हे पटते. प्रत्येक संशोधनाचा उद्या सकाळी उपयोग झाला पाहिजे असा हट्ट धरला तर विज्ञान संपेल. हत्तरसंगच्या लेखाने कुणाच्या शेताला पाणी मिळाले नाही. क्रायनमच्या नव्या जातीने कुणाची मजुरी वाढली नाही. तरी ही कामे झाली नसती तर आपण गरीब राहिलो असतो. पण उपयोग होणे वेगळे आणि सांगणे वेगळे. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला तिचे काय झाले ते सांगणे, हा साधा व्यवहार आहे. उसने घेतलेले भांडे परत देताना आपण त्यात काहीतरी घालून देतो ना, तसाच.

एक ताजे उदाहरण पाहा. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आपल्या जिल्ह्याचे आकाश प्रयोगासाठी निवडले. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात विमानांनी ढगांत बीजारोपण केले. २७६ ढग निवडून, त्यांतल्या काहींत बीज पेरून आणि काही तसेच सोडून तुलना केली. निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आले. योग्य ढग निवडले तर पाऊस सरासरी १८ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे त्यात म्हटले आहे. अठरा टक्के कशाचे? कोणत्या ढगांत? ढगच नसेल तर काय? दुष्काळात विमान आले की पाऊस पडेल, अशी गावातली समजूत आहे. तिला उत्तर देण्याएवढी माहिती आपल्याच आकाशातून गोळा झाली. पण ती आपल्या पारावर आली नाही. विमाने आणि रडार मोठ्या संस्थेने आणावीत. ते निष्कर्ष मराठीत माढ्याला, मंगळवेढ्याला जाऊन कोण सांगणार? ते काम जिल्ह्याच्या विद्यापीठाचे.

लहानपणाची ताकद आहे ती इथेच. ज्यावर लोकांनी नाक मुरडले, तो एका जिल्ह्याचा आवाका हेच या विद्यापीठाचे भांडवल आहे. दिल्लीचा किंवा मुंबईचा संशोधक आपल्या गावात एकदा येतो, आकडे घेतो, जातो. पुन्हा येणे त्याला परवडत नाही. सोलापूरचा संशोधक बहुतेक तालुक्यांत सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो. म्हणजे तो परत जाऊ शकतो. निष्कर्ष सांगायला परत जाऊ शकतो. दहा वर्षांनी त्याच शंभर घरांत जाऊन काय बदलले ते विचारू शकतो. कुंभारीला २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार विडी कामगार स्त्रियांची घरकुले उभी राहिली. स्वतःच्या नावावर घर झाल्यावर त्या बाईच्या आयुष्यात काय बदलले? मुलीचे लग्न उशिरा झाले का? विडी सुटली की कामाची जागाच तेवढी बदलली? हे एका फेरीत कळत नाही. वीस-पंचवीस वर्षे एकाच वस्तीवर नजर ठेवावी लागते. हे मोठ्या विद्यापीठाला अवघड आहे, आपल्याला शक्य आहे.

शेजारचाच धडाही आहे. त्याच केगाव परिसरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाने आपल्या शेतकऱ्यांच्या बागा उद्ध्वस्त केल्या. हा रोग जिवाणूमुळे होतो, रोगट छाटणी आणि कात्री यांतूनही पसरतो, हे शेतकऱ्याला सांगितल्याखेरीज संशोधन पुरे होतच नाही. तिथे सांगणे हा कामाचाच भाग धरला जातो. मग समाजशास्त्राने, अर्थशास्त्राने, रसायनशास्त्राने तसे का धरू नये?

माझ्या सूचना साध्या आहेत, फार पैसा लागणार नाही अशा. प्रत्येक प्रबंधासोबत चार पानांचा मराठी गोषवारा असावा, दहावी शिकलेल्या माणसाला कळेल असा. विज्ञानाच्या प्रबंधालाही तो हवा. जे आपल्याला समजले आहे ते मराठीत सांगता येतेच. ज्या गावात, ज्या वस्तीत अभ्यास झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात त्याची प्रत जावी. तोंडी परीक्षेइतकेच महत्त्व त्या वस्तीतल्या एका बैठकीला द्यावे. तिथले प्रश्न परीक्षकांच्या प्रश्नांहून कठीण असतील, हे मी अनुभवाने सांगतो. आणि नव्या विद्यार्थ्याला विषय देताना मार्गदर्शकाने आधी विचारावे, या गावात यापूर्वी कोण येऊन गेले? त्याने काय लिहिले? तिथून पुढे सुरू करू.

श्रोत्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या दारात एखादा मुलगा, एखादी मुलगी प्रश्नावली घेऊन आली तर तिला पाटावर बसवा, पाणी द्या, खरी उत्तरे द्या. उन्हातान्हात हिंडून ती तुमच्याच जिल्ह्याची नोंद करत असते. मात्र जाताना तिचे नाव, विभाग आणि मार्गदर्शकाचे नाव लिहून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी विद्यापीठात एक पोस्टकार्ड टाका आणि विचारा, आमच्याकडून नेलेल्या माहितीचे काय निघाले? अशी शंभर पत्रे गेली तरी पुष्कळ काही बदलेल. उत्तर मागणारे लोक ज्या जिल्ह्यात असतात, तिथल्या संशोधकालाही आपले काम नीट करावेसे वाटते.